बांधून ठेवणे हा उपचार नव्हे
तीव्र प्रक्षोभाच्या वेळी शारीरिक बंधनाचा वापर : कुटुंबीयांसाठी माहिती

मानसिक आजार असलेली व्यक्ती काही प्रसंगी अत्यंत प्रक्षुब्ध होते. ती वस्तू फेकते, अंगावर धावून जाते किंवा स्वतःस इजा करून घेते. अशा वेळी कुटुंबीय तिला दोरीने वा साखळीने बांधतात, खोलीत कोंडून ठेवतात. यामागे बहुधा क्रौर्य नसते. भीती आणि असहायता असते. तथापि, बांधल्याने आजार बरा होत नाही, उलट जीवितास धोका निर्माण होतो.

दिनांक ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथील एका खासगी मनोरुग्ण निवासास पहाटे आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्या रुग्णांना बाहेर पडता आले नाही. २५ हून अधिक रुग्णांचा त्यात मृत्यू झाला.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस कोणत्याही प्रकारे वा स्वरूपात साखळीने बांधण्यास मनाई आहे. उपचार संस्थेत रुग्णास एकांतात कोंडून ठेवणेही निषिद्ध आहे. शारीरिक बंधनाचा वापर कलम ९७ मधील पुढील अटींचे पालन करूनच करता येतो :

• रुग्णास वा इतरांस होऊ घातलेली तात्काळ इजा टाळण्याचा अन्य कोणताही मार्ग उपलब्ध नसावा.
• उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने त्यास मान्यता दिलेली असावी.
• धोका टळताच बंधन काढावे. आवश्यकतेहून अधिक काळ ते ठेवू नये.
• बंधनाची पद्धत, स्वरूप, कारण आणि कालावधी यांची नोंद रुग्णाच्या वैद्यकीय कागदपत्रांत तात्काळ करावी.
• या काळात वैद्यकीय कर्मचाऱ्यांची रुग्णावर नियमित देखरेख असावी.
• रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस २४ तासांच्या आत कळवावे.

शिक्षा म्हणून, धाक बसावा म्हणून किंवा केवळ कर्मचारी अपुरे आहेत या कारणास्तव रुग्णास बांधता येत नाही. बंधनाच्या प्रत्येक घटनेचा समावेश मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळास दरमहा पाठवावयाच्या अहवालात करणे संस्थेवर बंधनकारक आहे.

बंधनाने शरीरास कोणता अपाय होतो?

व्यक्तीस पालथे पाडून पाठीवर वा मानेवर भार दिल्यास श्वास कोंडून काही मिनिटांत मृत्यू होऊ शकतो. घट्ट बांधल्याने हातापायांचा रक्तप्रवाह खंडित होतो व मज्जातंतूंना इजा होते. दीर्घकाळ हालचाल बंद राहिल्यास शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याची व त्वचेवर जखमा होण्याची शक्यता असते. शिवाय, बांधले गेल्याचा अपमान आणि दहशत मनात राहते. परिणामी ती व्यक्ती पुढे उपचारांपासून आणि आपल्याच माणसांपासून दुरावते.

प्रक्षोभाचे कारण शोधणे आवश्यक

अचानक औषध बंद होणे, दीर्घकाळ झोप न लागणे, मद्यपान एकाएकी थांबवणे, ताप, जंतुसंसर्ग, रक्तातील साखर कमी होणे किंवा सांगता न येणारी वेदना, यांमुळेही वर्तनात तीव्र बदल होतो. म्हणून वैद्यकीय तपासणी अत्यावश्यक आहे. रुग्णास बांधून ठेवल्यास ही तपासणी लांबते आणि मूळ कारण तसेच राहते.

घरी काय करावे?

• एकाच व्यक्तीने शांत स्वरात, छोट्या वाक्यांत बोलावे. वाद घालू नये, दरडावू नये.
• दोन हातांहून अधिक अंतर ठेवावे. बाहेर जाण्याची वाट अडवू नये.
• चाकू, काठी, काचेच्या वस्तू, रॉकेल, कीटकनाशके दूर ठेवावीत. लहान मुलांना दुसरीकडे न्यावे. गर्दी पांगवावी.
• आवाज व प्रखर प्रकाश कमी करावा. पाणी हवे का, असे विचारावे.
• डॉक्टरांच्या सल्ल्याविना झोपेचे औषध देऊ नये. अन्नात लपवूनही ते देऊ नये.
• धोका वाढल्यास ११२ क्रमांकावर मदत मागावी व व्यक्तीस मानसिक आजार असल्याचे स्पष्ट सांगावे.

रुग्णालयात काय विचारावे?

आपल्या रुग्णास बांधण्यात आल्यास पुढील प्रश्न विचारण्यास संकोच करू नये : बंधनास कोणी मान्यता दिली? कारण काय? किती वेळ बांधले होते? नोंद कोठे आहे? त्या वेळी देखरेख कोण करीत होते? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते.

मानसिक आजार असलेल्या एखाद्या व्यक्तीचा तिची काळजी घेणाऱ्यांकडून छळ वा हेळसांड होत असल्याचे आढळल्यास त्या हद्दीतील पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांस कळवावे. ही माहिती देणे कायद्याने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.

मदतीसाठी

टेली-मानस : १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ (निःशुल्क, २४ तास, मराठीसह विविध भारतीय भाषांत). प्रसंग हाताबाहेर जाण्याची वाट पाहू नये. झोप उडणे, संशय वाढणे, औषध नाकारणे ही पूर्वलक्षणे दिसताच संपर्क साधावा. वेळीच उपचार मिळाल्यास बांधण्याचा प्रसंग बहुधा टाळता येतो.