आरसी मोबाइलमध्ये, मालक मात्र जुनाच

नोव्हेंबर २०१८मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले आणि आरसी, विमा, पीयूसी मोबाइलवर दाखवण्याची मुभा मिळाली. 'वाहन' या देशव्यापी नोंदवहीतून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर उतरलेली आरसी पोलिसांनीही मानायची. सोय झाली, पण 'गाडी कोणाची' हा प्रश्न सिग्नलवर नाही, गाडी विकल्यावर पेटतो. जुन्या गाड्यांच्या कुठल्याही एजंटचा ड्रॉवर उघडून बघा: विकणाऱ्याने सही केलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, त्यासोबत चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा. घेणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरी. गाडी मग याच सह्यांवर पुढे फिरते. मधला कोणी नावावर करून घेत नाही, कारण तेवढा खर्च वाचतो आणि 'फर्स्ट ओनर'चा भावही टिकतो.

कायदा मात्र सात-बाराइतकाच नोंदीला चिकटून आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० म्हणतं, राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवावं. एका खटल्यात अनेक हात फिरलेल्या गाडीच्या अपघाताची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये कागदोपत्री मालकावरच टाकली, कारण कायद्याच्या व्याख्येत ज्याच्या नावावर नोंद तोच मालक. म्हणून डिजिटल व्हायला हवा तो विक्रीचा क्षण. आरसीचा फोटो गौण आहे. विकणाऱ्याने कळवताच नोंदीवर 'विकली' असा शेरा पडला, तर कोऱ्या फॉर्मला किंमतच उरत नाही. एप्रिल २०२३पासून अधिकृत डीलरने ताब्यात आलेल्या गाडीची माहिती पोर्टलवर द्यायची आहे. दिशा बरोबर, पण नोंदणीच न केलेला कोपऱ्यावरचा एजंट त्यात येत नाही.

विक्री मोबाइलवरच्या ओटीपीने नोंदवायची म्हटली की ज्येष्ठांची पंचाईत, हा आक्षेप खरा आहे, पण त्याला सेतू केंद्राची खिडकी हे उत्तर आहे. जास्त वजनदार आक्षेप दुसरा: ज्याच्या हाती मोबाइल, त्याच्या हाती मालकी. नोंदणीच्या वेळी एजंटने स्वतःचाच नंबर टाकलेला असला, तर ओटीपी त्यालाच जाणार. यावर म्हणता येईल, खोटी सही कागदावरही होते आणि तिथं ती कोणी केली याचा माग सहज लागत नाही. पण तेवढ्या उत्तरावर भागणार नाही. हस्तांतर खुलं करण्याआधी जुन्या नोंदींवरचे नंबर मालकाकडून पडताळून घ्यावे लागतील, आणि ते काम कंटाळवाणं आहे.