पुण्यास गेल्यावर शेतकऱ्याने काय पाहावे?

कचेरीतील काम, दवाखाना, बाजार, लग्नकार्य अशा निमित्ताने खेड्यातील माणसाचे पुण्यास येणे-जाणे होतच असते. काम आटोपून परतीच्या गाडीस अवकाश असला म्हणजे तो शनिवारवाडा पाहतो, सारसबागेतील गणपतीचे दर्शन घेतो, लक्ष्मी रस्त्यावर थोडी खरेदी करतो आणि गावी परततो. ही स्थळे पाहण्याजोगी आहेतच. परंतु पाणी, रोप आणि जमीन हे ज्याचे भांडवल, त्या शेतकऱ्याला पुण्यात व पुण्याच्या आसपास पाहण्यासारखे आणखीही पुष्कळ आहे. तिकडे सहसा कोणी बोट दाखवीत नाही, म्हणून ते पाहावयाचे राहून जाते.

उताराने आलेले पाणी

सातारा रस्त्याने येणाऱ्यास प्रथम कात्रज लागते. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, 1750 च्या सुमारास, येथे बांध घालून दोन तळी करण्यात आली. वरच्या तळ्यात गाळ बसावा आणि खालच्या तळ्यातून निवळ पाणी घ्यावे, अशी ती योजना होती. तेथून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे 8 किलोमीटर अंतर जमिनीखालून दगडी नळ नेण्यात आला. मोट नाही, रहाट नाही. केवळ उतार साधून हे पाणी वाड्यात आणि काळा हौद, बदामी हौद यांसारख्या सार्वजनिक हौदांत पोचत असे. नळावर जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, आणि साफसफाईसाठी माणसास आत उतरता येई.

आज शेतात पाइपलाइन टाकताना एअर व्हॉल्व्ह बसवितात, तो याच कारणासाठी. शेततळ्याच्या तोंडाशी गाळ अडविण्यासाठी खड्डा घ्यावा असे सांगितले जाते, त्यातही कात्रजचेच तत्त्व आहे. शहर वाढले तसे कित्येक उच्छ्वास इमारतींच्या गर्दीत दिसेनासे झाले. चांगले काम बांधून भागत नाही. त्याची निगाही राखावी लागते, हेही येथे शिकण्यासारखे आहे.

घरातील वस्तूंचा संग्रह

शनिवारवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, बाजीराव रस्त्यालगत, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणून ओळखले जाणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ ते उभारले. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, कोरीव दरवाजे, वाद्ये अशा हजारो वस्तू मिळविल्या. राजेरजवाड्यांच्या शस्त्रांपेक्षा रोजच्या वापरातील वस्तूंचेच महत्त्व येथे अधिक वाटते. ते पाहून आलेल्या शेतकऱ्याने आपल्या घरच्या माळ्यावर एकदा नजर टाकावी. लाकडी पाभर, पायली, अधोली, मोटेचे चाक या वस्तू मोडीत घालण्यापूर्वी गावच्या शाळेत एका खोलीत मांडून ठेवता आल्या, तर पुढच्या पिढीस त्यांची ओळख राहील.

एका पेरूची गोष्ट

पेठांतून नदी ओलांडली की शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर लागतो. तेथून थोड्याच अंतरावर गणेशखिंड उद्यान आहे. 1873 मध्ये वनस्पती उद्यान म्हणून सुरू झालेल्या या जागेस 2020 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पुण्याच्या पुष्कळ रहिवाशांनाही या बागेची माहिती नसते. मात्र तिचे फळ बहुतेकांनी चाखलेले असते.

लखनौ 49, म्हणजेच सरदार, हा पेरूचा वाण 1927 मध्ये पुण्यात निवडण्यात आला. डॉ. चीमा यांच्या देखरेखीखाली बियांपासून वाढविलेल्या पेरूच्या अनेक झाडांतून एक सरस झाड हेरले गेले, आणि त्याच्यापासून कलमे करून हा वाण दूरवर पसरला. बी लावून वाढविलेले प्रत्येक झाड वेगळे निघू शकते. कलमाने मात्र मातृवृक्षाचे गुण टिकतात. म्हणून कलम विकत घेताना त्याचा मातृवृक्ष कोणता, हे विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत. आज स्वस्तात घेतलेल्या रोपाची खरी किंमत तीन-चार वर्षांनी, बागेत फळ धरल्यावर कळते.

जेथे शेते होती

शहराच्या वायव्येस, पवनेच्या काठी, पिंपळे सौदागर आहे. आज हा भाग पिंपरी-चिंचवड शहरात मोडतो, आणि तेथे उंच इमारतींच्या रांगा दिसतात. पाहावयास ना किल्ला, ना मंदिराचे मोठे शिखर. तरीही शेतीच्या अभ्यासकांस हे नाव परिचित आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी या गावाची शेतवार पाहणी केली आणि 1917 मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. 1771 मध्ये या गावातील सरासरी धारणा 40 एकर होती. 1915 मध्ये ती 7 एकरांवर आली, असे त्यांना आढळले. वाटण्यांमुळे जमिनीचे लहान लहान तुकडे पडत गेले होते. शेतीच्या दृष्टीने गावाची काय अवस्था होत आहे, हे त्या आकड्यांनी दाखवून दिले. पुढे शहर आले आणि शेतेच राहिली नाहीत. शहरालगतच्या गावांतील शेतकऱ्यांनी तेथील रस्त्याने एकदा चालून यावे, आणि जमिनीचा व्यवहार करण्यापूर्वी घरात बसून नीट विचार करावा.

धरणाची दुसरी बाजू

शहराच्या नैर्ऋत्येस खडकवासल्याचे धरण आहे. सुटीच्या दिवशी तेथे गर्दी लोटते. लोक भाजलेली कणसे खातात, पाण्याकडे पाहतात आणि परततात. हे पाणी जाते कोठे, याची चौकशी फार थोडे करतात. मुठा नदीवरील हे धरण 1879 च्या सुमारास पुरे झाले, ते शेतीसाठी आणि पुण्याच्या पिण्यासाठीही. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. पुढे धरणाची पुन्हा उभारणी झाली. धरणे, नद्या व बंदरे यांच्या लहान प्रतिकृती करून पाण्याचे वागणे तपासणारी, 1916 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थाही येथेच आहे.

धरणापासून निघालेला उजवा कालवा शहरातून जाऊन दौंड व इंदापूरकडे वळतो. एकाच साठ्यावर शहराची तहान आणि शेताची पाळी अशा दोहोंचा हक्क आहे, आणि शहर वाढत आहे. कालव्याच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्याने हे धरण अवश्य पाहावे. आपल्या पाण्यामागे केवढी मागणी उभी आहे, हे ध्यानी आले म्हणजे ठिबकाचा खर्च, पाण्याची मोजणी आणि पाणीवापर संस्थेची सभा यांकडे तो निराळ्या दृष्टीने पाहू लागेल.

सहल कशी काढावी

ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी पंधरा-वीस शेतकऱ्यांची तुकडी करून ही स्थळे दोन दिवसांत दाखवावी. महाविद्यालय, गणेशखिंड उद्यान व संशोधन संस्था यांस आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी. तुकडीत स्त्रियांनाही अवश्य घ्यावे; कलमांची आणि पाण्याची कामे त्यांच्याही हातून होत असतात. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या शेतातील एक अडचण वहीत लिहून घ्यावी आणि तिचे उत्तर तेथे विचारावे. परत आल्यावर चावडीवर सर्वांना एकत्र जमवून काय पाहिले ते सांगावे, आणि त्यांतील कोणती एक गोष्ट येत्या हंगामात गावात करावयाची, हे त्याच बैठकीत ठरवावे.