भरती पाहून आखलेले तीन दिवस

सकाळी सहा. चहाचं आधण ठेवून मी आधी पंचांग बघते. ठाण्याचं एक कुटुंब मार्गशीर्षात मालवणला येतंय, शुक्रवार ते रविवार. नवरा-बायको, दोन मुलं आणि गुडघेदुखीने बेजार आजी. शनिवारी पौर्णिमा. इथला जुना हिशेब असा: पक्षातली तिथी गुणिले तीन, भागिले चार, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंधरावी तिथी म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. त्यात पुनवेचं उधाण, म्हणजे पाणी चढणारही जास्त आणि उतरणारही जास्त.

साडेआठ. बंदरावरच्या होडीवाल्या दादांना फोन. सिंधुदुर्गावर आजींना कधी न्यावं? "दुपारनंतर वारो सुटता, सकाळचीच आणा तेंका." मलाही तेच हवं होतं. नऊच्या सुमारास पाणी चढतं असतं, होडीचा काठ धक्क्याच्या बराच जवळ येतो आणि उतरताना गुडघ्यांवर ताण येत नाही. १६६४ साली बांधायला घेतलेला हा जलदुर्ग आणि आतलं शिवराजेश्वराचं देऊळ आजींनी निवांत पाहावं, एवढी माझी इच्छा आहे.

दहा. आता त्यांची यादी. विजयदुर्ग, कुणकेश्वर, तारकर्ली, वेंगुर्ला, रेडी, शिवाय जमलं तर गोवा. नकाशावर सगळं एका रेघेत दिसतं. पण ही किनारपट्टी खाड्यांनी चिरलेली आहे. रस्ता दर वेळी आत वळतो, पूल गाठतो, पुन्हा बाहेर येतो. ही यादी पाळली तर तीन दिवस गाडीच्या काचेतून माड बघण्यात जातील. मुलांना समुद्र हवाय, तो खिडकीतून भेटत नाही. मी निम्म्याहून जास्त नावं काढते. देवबागचा संगम त्यांनी शुक्रवारी सकाळी लिहिलाय, नेमका भरतीच्या तोंडावर. तो शनिवारी संध्याकाळवर नेते. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा पुनवेच्या ओहोटीला चांगला उघडा पडतो, मुलांना त्यावर मनसोक्त चालता येईल.

एक. जेवण, थोडी झोप.

साडेतीन. मुक्कामाच्या घरच्या काकूंशी बोलणं. शनिवारी दत्तजयंती, आजींचा उपास. म्हणून सुरमई आणि बांगड्याचं तिखलं शुक्रवारीच. शनिवारी सकाळी मुलांना घावणे आणि नारळाचा रस. खोली तळमजल्यावरची, बाथरूम आतच. काकू विचारतात, "वरण आजींना फिक्कं करू ना?" असं विचारणारं घर मिळालं की अर्धी सहल पार पडते.

साडेपाच. रविवार आखते. वाटेत धामापूरचा तलाव आणि काठावरचं भगवतीचं देऊळ, मग माणगाव. टेंबेस्वामींचं जन्मगाव, आजी दत्तभक्त आहेत, पण जयंतीच्या गर्दीत त्यांना रेटायला नको. दुपारी सावंतवाडीत चितारआळीची लाकडी खेळणी, मोती तलाव. परतीला तुतारी एक्स्प्रेस. ती सावंतवाडीहूनच सुटते, त्यामुळे आजींना घाईने चढावं लागणार नाही.

रात्री नऊ. आराखडा पाठवला. लगेच ताईंचा फोन: "शुक्रवारची दुपार रिकामी का? आणि विजयदुर्ग?" रात्रभराच्या प्रवासानंतर मुलं झोपतील, उठली की अंगणापलीकडे किनारा आहेच, हे सांगितलं. विजयदुर्ग आणि कुणकेश्वर पुढच्या खेपेला, देवगडला मुक्काम करून. "मग मे महिन्यात येऊ," ताई म्हणाल्या. मेअखेर नको, म्हटलं, तेव्हा समुद्र खवळायला लागतो. एप्रिलात या, हापूसही असेल.