पाकोळीची टिकटिक

डोंगरावरून येणाऱ्या नद्या आपण कितीतरी पाहतो. पण डोंगराच्या पोटातून वाहणारी नदी? फिलिपिन्समधल्या पलावान बेटावर आहे तशी एक! काबायुगान तिचं नाव. जमिनीखालून ८.२ किलोमीटर वाहत ती गुहेच्या तोंडाशी थेट समुद्राला मिळते.

आपण शिरायचं समुद्राकडूनच. डोक्यावर हेल्मेट, अंगात लाइफ जॅकेट. नावाडी वल्ह्यानं होडी आत नेतो. भरतीचं पाणीही याच वाटेनं आत शिरतं, म्हणून इथलं पाणी खारट लागतं.

हा डोंगर चुनखडीचा. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात मिसळला, की ते किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवतं. अंड्याचं टरफल व्हिनेगरमध्ये टाकून पाहा, बुडबुडे येतील. तीच गंमत, फक्त इथे ती लाखो वर्षं चाललीय. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. तो असा विरघळत नाही, म्हणून आपली अजिंठ्याची लेणी माणसांना छिन्नीनं खोदावी लागली!

विरघळलेला चुना छतावरून थेंबाथेंबानं उतरतो आणि त्याचे लवणस्तंभ बनतात. ते बघायला मान वर करा, पण तोंड मिटूनच हं! वर वटवाघळं लटकलेली असतात आणि त्यांची शी कधीही टपकते. एका भिंतीत तर सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रगाईची हाडं रुतलीत, दगड झालेली. म्हणजे हा डोंगर तेव्हा समुद्राचा तळ होता.

पण मला सगळ्यात भारी वाटतात त्या इथल्या पाकोळ्या, म्हणजे गुहेत राहणारे पक्षी. मिट्ट काळोखात त्या सुसाट उडतात आणि भिंतीवर आपटत नाहीत. कशा? उडताना त्या टिकटिक आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत कुठे आहे ते ओळखतात. वटवाघळंही असंच करतात, पण त्यांचे हे आवाज बहुतेक आपल्या कानांना ऐकूच येत नाहीत. पाकोळीची टिकटिक मात्र आपल्याला ऐकू येते!

अशा पाकोळ्या आपल्याकडेही आहेत, बरं का. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातल्या खडकांवर, तिथल्या गुहेत त्या लाळेनं घरटी चिकटवतात. काळोखात त्याही टिकटिकतात. बाहेर उजेडात किडे पकडताना मात्र डोळेच वापरतात, कारण त्या टिकटिकीनं भिंत कळते, इवलासा किडा नाही.