गुगलला दंड झाला नाही, आणि गुगल सुटलंही नाही

सप्टेंबर २०२५चा पहिला आठवडा गुगलच्या वकिलांना जन्मभर पुरेल. २ तारखेला गुगलच्या शोध-मक्तेदारीच्या दाव्यात वॉशिंग्टनमधल्या फेडरल न्यायालयाचा निकाल आला. ३ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका ज्युरीने खासगीपणाच्या दाव्यात कंपनीला ४२.५ कोटी डॉलर भरायला सांगितले. त्याच दिवशी फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाचा ३२.५ कोटी युरोंचा दंड, आणि ५ तारखेला युरोपीय आयोगाचा २९५ कोटी युरोंचा. चार बातम्या, चार वेगळी प्रकरणं. पण मोबाइलवर पुढे ढकलत ढकलत त्यांची खिचडी झाली, आणि कुणाच्या वाट्याला ‘अमेरिकेच्या कोर्टाने गुगलला जबर दंड ठोठावला’ हे आलं, तर कुणाच्या वाट्याला ‘गुगल निर्दोष सुटलं’ हे.

वॉशिंग्टनच्या निकालाला यातलं एकही वाक्य लागू पडत नाही.

‘कोर्टाने दोषी ठरवून दंड केला’

हा दावा दिवाणी होता. अमेरिकेचं न्याय खातं आणि काही राज्यं यांनी तो २० ऑक्टोबर २०२० रोजी दाखल केला. आधार १८९०च्या शर्मन कायद्याचा. गंमत म्हणजे याच कायद्याखाली फौजदारी खटलाही भरता येतो, पण सरकारने दिवाणी दार निवडलं. तिथे ‘दोषी’ आणि ‘निर्दोष’ हे शब्दच नसतात, आरोपीचा पिंजरा नसतो. कोणाच्या पुराव्याचं पारडं जड, एवढंच तोलायचं. आपल्याकडेही दिवाणी आणि फौजदारी पुराव्याचे निकष वेगळे असतात, त्यामुळे हे कळायला अवघड नाही. तरीही ‘गुगल गुन्हेगार’ असे मथळे सर्रास दिसले.

शिवाय सरकारने या दाव्यात नुकसानभरपाई मागितलीच नव्हती. मागणी होती ती वागणूक सुधारण्याच्या हुकमाची. म्हणून दंड शून्य. पैसे मागितले नाहीत म्हणून ज्युरीही नव्हती. साक्षी ऐकल्या, कागद वाचले आणि निर्णय दिला तो एकट्या न्यायाधीश अमित मेहता यांनी. (जाहिरातींच्या तंत्राबद्दलचा गुगलवरचा दुसरा दावा व्हर्जिनियात चालला. तिथे सरकारने पैसेही मागितले होते. तेव्हा गुगलने सुमारे २३ लाख डॉलरचा धनादेश आधीच पुढे केला आणि ज्युरी टाळली. वकिली डोकं कसं चालतं ते पाहा.)

‘मोठं होणं हाच गुन्हा’

व्यापारी मंडळींच्या गप्पांत हे हमखास ऐकू येतं: मेहनतीने धंदा वाढवायचा आणि मग सरकारने मानगुटीवर बसायचं. अमेरिकी कायदा असं म्हणत नाही. चांगला माल देऊन कुणी शंभर टक्के बाजार काबीज केला, तरी तो बेकायदा नाही. बेकायदा ठरतं ते मिळवलेलं स्थान टिकवण्यासाठी दुसऱ्याची वाट अडवणं.

सप्टेंबर २०२३ पासून सुमारे दहा आठवडे सुनावणी झाली आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी मेहतांनी पावणेतीनशेहून अधिक पानांचं निकालपत्र दिलं. गुगलचा शोध उत्तम आहे, त्यामागे कसबी अभियंते आहेत, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केलं. आक्षेप घेतला तो करारांवर. आयफोनमधल्या सफारीत, अँड्रॉइड फोनांत, फायरफॉक्समध्ये आपणच आधीपासून बसवलेलं शोधयंत्र असावं म्हणून गुगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर वाटले. एकट्या ॲपलला २०२२ साली सुमारे २,००० कोटी मिळाले.

इथे नेहमीचा प्रश्न येतो, ‘लोकांना हवं तर बदलतील की! दोन बटणं दाबायची, त्यात काय?’ बदलत नाहीत, हेच तर पुराव्यात दिसलं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरवर बिंग आधीपासून बसवलेलं असतं, आणि तिथे जवळपास ८० टक्के शोध बिंगवरच होतात. एरवी बिंगला कोण विचारतो? घरात जो नळ आधीपासून आहे त्याखालीच माणूस बादली लावतो. आणि ज्याच्याकडे शोध जास्त येतात त्याला लोकांच्या सवयींची माहिती जास्त मिळते, तिच्या जोरावर त्याचा शोध आणखी सुधारतो, आणि नव्या माणसाला आत शिरायला फट उरत नाही.

सरकार सगळ्याच मुद्द्यांवर जिंकलं, असंही नव्हे. सर्वसाधारण शोधसेवा आणि शोधासोबतच्या मजकुरी जाहिराती या दोन बाजारांत गुगलची मक्तेदारी बेकायदा ठरली. शोध-जाहिरातींचा एकूण बाजार धरला, तर तिथे गुगलची मक्तेदारी न्यायाधीशांना मान्य झाली नाही.

‘क्रोम वाचलं, म्हणजे गुगल जिंकलं’

मला सर्वांत जास्त खटकलेला समज हा. २०२४चा निकाल ‘चूक झाली का’ या प्रश्नाचा होता. ‘मग उपाय काय’ याची सुनावणी एप्रिल-मे २०२५ मध्ये वेगळी झाली आणि २ सप्टेंबरचा निकाल त्या दुसऱ्या प्रश्नाचा. क्रोम विकायला लावा, पैसे वाटणं बंद करा, या सरकारच्या मागण्या होत्या. मेहतांनी दोन्ही नाकारल्या. दुसऱ्या दिवशी गुगलची मालक कंपनी अल्फाबेट हिचा शेअर नऊ टक्क्यांच्या आसपास उसळला, आणि लोकांनी शेअर बाजारालाच निकालपत्र मानलं.

नकाराची कारणं मात्र कुणी फारशी वाचली नाहीत. एक, बेकायदा ठरलेली अडवणूक करारांतून झाली होती, क्रोमच्या मालकीतून नव्हे. रोग एका अवयवाचा आणि शस्त्रक्रिया दुसऱ्याची, असं कसं चालेल? दोन, पैसे थांबवले तर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलासारख्या, त्याच उत्पन्नावर जगणाऱ्या संस्था आधी कोलमडतील. आणि तिसरं, सर्वांत रोचक: खटला दाखल झाला तेव्हा चॅटजीपीटी नव्हतं. उपायांच्या सुनावणीत ॲपलचे एडी क्यू यांनी सांगितलं, की सफारीतले शोध पहिल्यांदाच घटले. त्या दिवशी अल्फाबेटचा शेअर सात टक्क्यांहून जास्त घसरला होता. बाजार आपणहून हलतोय असं दिसत असताना जपून पावलं टाकावीत, भविष्य सांगणं हे न्यायाधीशाचं काम नव्हे, असा मेहतांचा सूर होता.

मग दिलं काय? सर्च, क्रोम, असिस्टंट आणि जेमिनी यांसाठी ‘फक्त आमचंच’ असले करार बंद. पात्र प्रतिस्पर्ध्यांना शोधसूची आणि वापराची काही माहिती द्यायची. देखरेखीला तांत्रिक समिती. मुदत सहा वर्षं. पुढे डिसेंबरमध्ये भर पडली, की आधीपासून बसवण्याचे करार एका वर्षाहून लांब नकोत, म्हणजे दरवर्षी नव्याने बोली. हे पुरेसं आहे का? मला स्वतःला पैशांची मुभा सैल वाटते. पैसा तोच, सवय तीच, तर नळ बदलणार कोण? पण याला ‘सुटका’ म्हणणं चूकच.

‘अमेरिकेच्या कोर्टाचा शेवटचा शब्द’

शेवटचा नव्हे, पहिला. मेहता हे डिस्ट्रिक्ट कोर्टाचे न्यायाधीश, म्हणजे साक्षीपुरावा घेणारी पहिली पायरी. अमेरिकेत अशी ९४ फेडरल न्यायालयं आहेत. नावामुळे आपल्या जिल्हा न्यायालयाची आठवण होते, पण रुबाब वेगळा. राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं, नेमणूक तहहयात. आपल्याकडे तुलना करायचीच तर मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडशी करावी, जिथे मोठमोठे व्यापारी दावे थेट चालतात.

मेहतांचा जन्म गुजरातेतल्या पाटणचा. वर्षाचे असताना ते आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेले आणि २०१४ मध्ये ओबामांनी त्यांना नेमलं. यावरून ‘भारतीय न्यायाधीशाने गुगलला धडा शिकवला’ असाही अभिमान मिरवला गेला. त्यात राजकारण शोधणाऱ्यांची अडचण अशी, की दावा दाखल केला ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, तो चालला बायडेन यांच्या काळात, आणि उपायांची मागणी लावून धरली पुन्हा ट्रम्प सरकारनेच.

पहिल्या पायरीचा निकाल वर टिकतोच असं नाही. जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा हुकूम याच न्यायालयातून निघाला होता. वर्षभराने अपील न्यायालयाने तो रद्द केला. मक्तेदारीचा ठपका मात्र बव्हंशी कायम राहिला आणि मेहतांनी त्याच निवाड्याचा आधार घेतला. तुकडे करायला ते बिचकले, यामागे ती आठवण असणारच. गुगलने जानेवारी २०२६ मध्ये अपील केलं.

‘आता आपल्या फोनमध्येही बदल होणार’

वॉशिंग्टनच्या हुकमाने आपल्याकडे कुणाला काही द्यावं लागत नाही. इथला हिशेब वेगळा झाला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि नवा फोन सुरू करताना शोधयंत्र निवडू द्या, असं बजावलं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि गुगलने निवडीचा तो पडदा भारतात आणण्याचं जाहीर केलं.

तसाच पडदा अमेरिकेत सक्तीचा करायला मेहतांनी नकार दिला.