लाल टोपीचा मारेकरी

‘फे’ या इंग्रजी शब्दाला मराठीत ‘परी’ म्हटले की घोटाळा सुरू होतो. आपली परी फारसीतून आली. ती देखणी, पंखवाली आणि बहुधा दयाळू असते. स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमाभागात लोक ज्यांना भीत, ते ‘फे’ म्हणजे माणसाच्या शेजारी राहून माणसाचे कायदे न मानणारी जमात. आपल्याकडे ‘बाहेरची बाधा’ म्हणतात, त्यातले ‘बाहेरचे’ मला त्यांच्या अधिक जवळचे वाटतात.

त्यांतला सर्वांत क्रूर तो रेडकॅप. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून, बोलून खेळायचा कल्पनाखेळ १९७४ साली निघाला. त्याच्या ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’ (२०१६) या पुस्तकात रेडकॅप तपशिलाने येतो. ‘फेवाइल्ड’ या मायावी रानात, किंवा त्याची वेस आपल्या जगाला लागते तिथे, रक्ताच्या तहानेने कोणी खून केला तर भिजलेल्या मातीतून रक्ताळलेले इवलेसे भूछत्र वर येते. त्यावर चांदणे पडले की कुबडा, सुरकुतलेला बुटका बाहेर उडी मारतो. हातात विळा, पायांत लोखंडी बूट. तीन दिवसांत टोपी ताज्या रक्तात भिजली नाही तर तो नाहीसा होतो. बूट खणखणतात, त्यामुळे चोरपावलांनी येणे त्याला साधत नाही. खेळाडूंना त्याची चाहूल आधी लागते आणि भीतीही तिथूनच सुरू होते.

हे सगळे खेळवाल्यांच्या डोक्यातून निघालेले नाही. विल्यम हेंडरसनने १८६६ साली उत्तर इंग्लंड आणि सीमाभागातल्या लोकसमजुतींचे पुस्तक छापले. त्यात लांब दातांचा, गरुडासारख्या नखांचा, लालभडक डोळ्यांचा, लोखंडी बुटांचा हा म्हातारा भेटतो. मात्र तो रानात राहत नाही. जिथे जुलूम झाले अशा पडक्या गढ्या त्याचे घर. आसऱ्याला आलेल्या वाटसरूवर तो धोंडे फेकतो आणि त्याचे रक्त टोपीत धरतो. बायबलमधले शब्द ऐकवले किंवा क्रूस दाखवला की किंचाळून पळतो आणि मागे एक मोठा दात टाकून जातो. (खेळातल्या आकड्यांच्या चौकटीत हा दात हरवला, याची मला चुटपुट आहे.)

बुटांकडेही नीट पाहावे. स्कॉटिश समजुतीत ‘फे’ लोखंडाला भितात. आपल्याकडेही बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा सुरी ठेवत, ती याच भरवशावर. रेडकॅप तेच लोखंड पायांत घालून चालतो. म्हणजे घरगुती उपाय त्याच्यावर चालणार नाही, असे मी त्याचे वाचन करतो.

त्याचे सर्वांत गाजलेले ठिकाण म्हणजे लिड्सडेलचा हर्मिटेज किल्ला. तिथल्या लॉर्ड सूलिसने रेडकॅप पाळला होता, त्यामुळे शस्त्र त्याला लागत नसे. शेवटी गांजलेल्या लोकांनी नाइनस्टेन रिगच्या दगडी वर्तुळात त्याला शिशात उकळले, अशी दंतकथा आहे. ती जॉन लेडनने काव्यात आणली आणि वॉल्टर स्कॉटने १८०२-०३च्या आपल्या संग्रहात छापली. हाच लेडन पुढे मद्रासला आला. बाबराच्या आत्मचरित्राचे त्याचे अपुरे भाषांतर मुंबईत राहिलेल्या विल्यम अर्स्किनने पुरे केले.

इतिहास मात्र वेगळे सांगतो. विल्यम द सूलिस १३२०च्या सुमारास रॉबर्ट ब्रूसविरुद्धच्या कटात सापडला आणि डम्बार्टनच्या कैदेत मेला. शिसे नाही, कढई नाही. आज दिसणारा दगडी किल्लाही त्याच्यानंतरचा.

हर्मिटेजमध्ये नोंदलेला खरा जुलूम १३४२चा आहे. विल्यम डग्लसने आपल्याच बाजूच्या सर अलेक्झांडर रॅमसेला तिथे कोंडून उपाशी मारले. वरच्या कोठारातून गळणारे दाणे वेचून तो काही दिवस जगला, असे सांगतात. भूत मात्र सूलिसच्या नावावर चढले. जागेने गुन्हा लक्षात ठेवला आणि गुन्हेगार बदलला, असे माझे मत आहे.

म्हणून खेळातला रेडकॅप मला अर्धा भरतो. रक्ताने माती बाटते, ही मूळ कल्पना त्याने राखली, पण जागेचे नाव पुसले. रान कुठलेही चालते आणि रक्त कोणाचेही. खेळ चालवणाऱ्याने भूछत्र उगवण्याआधी तिथे कोण मेले आणि कोणी मारले, एवढे ठरवून ठेवावे. मग खेळाडू विळ्याशी लढतीलच, शिवाय गावात जाऊन चौकशीही करतील.