लहान विमानधंद्याची कार्यपुस्तिका

विमान उडविण्यास वैमानिक लागतो, इंजिन लागतें, इंधन लागतें, हें शाळेंतील लहान मुलगाहि सांगेल. परंतु भाडें घेऊन उतारू किंवा माल नेण्याचा धंदा करावयाचा म्हटला, मग तो दोनच विमानांचा कां असेना, तर त्याआधीं एक पुस्तक लिहावें लागतें, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. त्या पुस्तकास 'ऑपरेशन्स मॅन्युअल' म्हणतात. आपण त्यास कार्यपुस्तिका म्हणूं. आपल्या देशांत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे अशा धंद्याचा परवाना मागणाऱ्यास ती सादर करावी लागते. १९४४ सालच्या शिकागो करारांतून जन्मास आलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें तिचे चार भाग ठरवून दिले आहेत. पहिल्यांत धंद्याची सर्वसाधारण व्यवस्था, म्हणजे कोणाचें काम कोणतें व अधिकार किती. दुसऱ्यांत विमान चालविण्यासंबंधीं माहिती. तिसऱ्यांत प्रदेश, मार्ग व विमानतळ. आणि चौथ्यांत नोकरवर्गाचें शिक्षण. हा सांगाडा सर्वत्र सारखाच असल्यामुळें येथेंच पहिला मोह उत्पन्न होतो.

तो मोह नकलेचा. दुसऱ्या कंपनीची मंजूर झालेली पुस्तिका मिळवावी, तींतील नांव खोडून आपलें घालावें, आणि छापून मोकळें व्हावें! परीक्षेच्या आदल्या रात्रीं सोबत्याची वही उतरून घेणारे विद्यार्थी आम्हां शिक्षकांस चांगले परिचित आहेत. पण त्यांचें नुकसान फार तर चार गुणांचें असतें. येथें काय होतें तें एका उदाहरणावरून पाहा. प्रवासास लागणाऱ्या इंधनाखेरीज शेवटचा म्हणून कांहीं साठा विमानांत राखून ठेवावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें हा साठा टर्बाइन इंजिनाच्या विमानास ३० मिनिटांचा, तर मोटारीसारखें पिस्टन असलेल्या इंजिनाच्या विमानास ४५ मिनिटांचा असतो. आपलें विमान पिस्टनचें आणि नक्कल टर्बाइनवाल्याची, असें झालें कीं १५ मिनिटांचें इंधन कागदावरच नाहींसें होतें. ढगांतून विमानतळ शोधणाऱ्या वैमानिकास तीं १५ मिनिटें मग कोठून आणून द्यावयाचीं?

म्हणून लेखनास आरंभ टेबलाशीं बसून करूं नये. वही-पेन्सिल घेऊन एका उड्डाणाच्या मागें मागें फिरावें. गिऱ्हाइकाचा निरोप कोण घेतो, हवामानाचा अहवाल कोण मागवितो, उतारूंचें व सामानाचें वजन कोण मांडतो, इंधनांत पाणी उतरलें आहे कीं काय हें कोण पाहतो, विमान वेळेवर न पोहोंचल्यास कोणास व किती मिनिटांनीं कळवावयाचें, हें सर्व जसें घडतें तसें टिपावें. टिपतां टिपतां असें आढळून येतें कीं, कांहीं कामें दोघे दोघे करितात, आणि कांहीं कोणीच करीत नाहीं. तें दुसऱ्यानें केलें असेल असें प्रत्येकास वाटत असतें. पुस्तिकेचा पहिला लाभ येथेंच होतो, एक अक्षरहि छापण्यापूर्वीं.

तिसरा भाग तर नकलेनें साधणेंच शक्य नाहीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन पस मॉथ विमानानें मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हां त्यांचा धंदाहि असाच मोजक्या विमानांचा व मोजक्या माणसांचा होता. जुहूची जमीन समुद्रकांठची. पावसाळ्यांत ती चिखलानें निरुपयोगी होई, आणि सारें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे. विलायतेंतील कोणत्या पुस्तकांत ही गोष्ट सांपडली असती? आपली धावपट्टी कोणत्या महिन्यांत निसरडी होते, कोणत्या टोकास डोंगर आहे, उन्हाळ्यांत दुपारीं हवा विरळ झाली म्हणजे भार किती उतरवावा, हें ज्यानें तेथून उड्डाण केलें आहे त्याच्याच तोंडून लिहून घ्यावें लागतें.

आतां भाषेकडे वळूं. 'इंधन पुरेसें असल्याची खात्री करून घेतली जावी' हें वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि तरीहि निरुपयोगी आहे. कारण त्यांत कर्ता नाहीं, व 'पुरेसें' म्हणजे किती तेंहि नाहीं. 'वैमानिकानें प्रत्येक टाकींतील इंधन स्वतः मोजलें पाहिजे आणि आंकडा तक्त्यांत लिहिला पाहिजे' असें म्हटलें कीं जबाबदारीस धनी मिळतो. कर्मणि प्रयोगाशीं माझें एरव्हीं कांहीं वैर नाहीं. परंतु अशा पुस्तिकेंत तो आळशी माणसाचा आसरा होऊन बसतो. तसेंच 'करावें' आणि 'केलेंच पाहिजे' यांतील भेद पहिल्याच पानावर सांगून तो शेवटपर्यंत पाळावा.

जें काम विमानांत बसून करावयाचें, त्याची यादी मात्र आंखूड हवी. ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंत ओहायओ प्रांतीं बोईंग कंपनीचें चार इंजिनांचें नवें विमान चांचणीसाठीं उडालें, वर चढलें, आणि कोसळून जळालें. शेपटीची झडप जमिनीवर वाऱ्यानें हालूं नये म्हणून जी खीळ लावीत, ती काढावयाची राहिली होती. चालविणारा मेजर हिल हा कसलेला वैमानिक होता. तो व त्याचा सोबती टॉवर असे दोघे त्यांत मृत्युमुखीं पडले. त्यानंतर वैमानिकांनीं उड्डाणापूर्वीं तपासावयाच्या गोष्टींची छोटी यादी तयार केली. ती अनाड्यांसाठीं नव्हती, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

तथापि नीट लिहिलेला आंकडाहि जुना होतो. ८ जानेवारी २००३ रोजीं अमेरिकेंतील शार्लट येथून १९ उतारू व २ वैमानिक घेऊन निघालेलें एक लहान विमान उडतांच कोसळलें. कोणीहि वांचलें नाहीं. वैमानिकांनीं भाराचा हिशेब मंजूर पद्धतीप्रमाणेंच केला होता व तो मर्यादेंत बसला होता. पण दर उतारूचें जें सरासरी वजन धरावयाचें ठरलें होतें, त्याहून खरीं माणसें जड होतीं, आणि विमानाचा तोल मर्यादेपलीकडे मागें गेला होता. त्यांतच दोन रात्रींपूर्वीं शेपटीच्या झडपेची तार जुळवितांना दुरुस्तीच्या पुस्तकांतील कांहीं पायऱ्या गाळल्या गेल्या होत्या. त्यामुळें वर उचललेलें नाक खालीं आणण्याची विमानाची शक्तिहि घटली होती. म्हणजे एक नियम पाळला तो चुकीचा, आणि दुसरा बरोबर होता तो पाळला नाहीं! पुढें लहान विमानांच्या कंपन्यांकडून उतारूंचीं खरीं वजनें घेवविण्यांत आलीं, व सरासरीचे आंकडे वाढवावे लागले.

लहान धंद्यांत आणखी एक अडचण असते. मालक, वैमानिक आणि हिशेबनीस हे पुष्कळदां एकच गृहस्थ असतात, किंवा वैमानिकाचा पगार मालकाच्या हातीं असतो. गिऱ्हाईक दारांत उभें आहे, आकाश भरून आलें आहे, अशा वेळीं 'नाहीं' म्हणण्याचा अधिकार कोणाचा? तो वैमानिकाचा आहे, आणि त्याबद्दल त्याचें कांहींएक नुकसान होणार नाहीं, हें मालकानें आपल्या सहीनें पुस्तिकेंत लिहावें. दृष्टि किती मैलांपर्यंत पोहोंचली पाहिजे व ढग किती उंचीवर असले पाहिजेत, त्याचे आंकडेहि शेजारींच असावेत, म्हणजे वादास जागा राहत नाहीं.

तयार प्रतींस क्रमांक घालून त्या ज्याच्या त्याच्या हवालीं कराव्यात, प्रत्येक पानावर सुधारणेची तारीख असावी, आणि चालू पानांची यादी आरंभीं जोडावी; नाहीं तर एकाच कचेरींत तीन वर्षांचे तीन नियम नांदूं लागतात. मात्र छपाईपूर्वीं एक परीक्षा अवश्य घ्यावी. धंद्यांतील सर्वांत नव्या माणसाच्या हातीं पुस्तिका देऊन एका कल्पित उड्डाणाची सारी तयारी कागदावर करावयास सांगावी, व कोणासहि कांहीं विचारूं देऊं नये. तो जेथें अडेल आणि मान वर करून इकडे तिकडे पाहूं लागेल, तें पान पुन्हां लिहावें.